रोडग्यांच्या राखेवरचं पाणी

गावंडे सरांची आणि माझी खरी ओळख त्यांच्या आर्णीजवळच्या शेतात झाली. बंजारा तांड्यावरून येऊन मी त्यांच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. तुरी निघाल्या की सरांचं गणगोत शेतात रोडग्यांना जमायचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे, सोबत वांग्याची भाजी. रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून मी थर्माकोलच्या पत्रावळ्या नेल्या. सर रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, जेवण घंटाभराचं. हे वावराच्या धुऱ्यावर किती वर्स पडून राहीन?" सरांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी माझ्यापुढे पळसाची पानं सरकवली. माझी पहिली पत्रावळ गळकी निघाली. वरण सांडत सर तिच्यावरच जेवले.

सरांच्या शेतात पहिली पंगत राबणाऱ्या बायांची, घरच्यांची मागून. एक जावई यावरून फुगून बसले, तर सरांनी त्यांच्या हाती वाढायची बादली दिली. जेवणं झाली की पत्रावळ्या खताच्या खड्ड्यात जात. शेवटी राखेवर पाणी मारून सर तिच्यात हात घालून बघत, कारण गोवरीचा निखारा राखेखाली दिवसभर धुमसतो.

एका वर्षी पाहुण्यांना एसटीवर सोडायला सरांना लवकर निघावं लागलं. "पाणी मी मारते सर," मी म्हटलं. विहीर लांब होती, मी कंटाळले. राखेवर माती लोटली आणि निघाले. दुपारच्या वाऱ्यात ठिणग्या उडून शेजारच्या शांताबाईंचं कुटार जळालं; धूर पाहून मी परत धावले. शांताबाई कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एकट्या. बैलांची वर्षाची वैरण तेवढीच. सरांनी येऊन राखेत हात घातला. राख कोरडी होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांताबाईंना म्हणाले, "बाई, चूक माही हाय. माहं कुटार घेऊन जा." त्या उन्हाळ्यात वैरणीवाचून सरांची बैलजोडी बाजारात गेली.

काकूंनी मला विचारलं होतं, "तू पाणी मारलं होतं ना?" मी "हो" म्हटलं. "मंग ह्यायचंच काही चुकलं असन," त्या म्हणाल्या, आणि पुढे दरवर्षी राखेपाशी सरांना टोमणे मारत राहिल्या. सर हसून ऐकून घेत. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, त्या हाच समज घेऊन. तेव्हापासून शेतात रोडगे झाले नाहीत.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आपली चूक सांगू नये, हे मला कळतं. पण लिहायला बसण्याआधी मी सरांकडे गेले आणि रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. तांड्यावरची पहिली मास्तरीण तू. लोकायनं तुले टिकू दिलं असतं का?" मग काकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "औंदा रोडगे करू. पाणी तू मार."

सर, पंचाहत्तरीनंतरची पुष्कळ वर्षं तुम्हांला धडधाकट प्रकृतीनं लाभोत. औंदा विहिरीवरून पाणी मी आणीन, राखेत हात मात्र तुम्हीच घालून बघा. चूक कोणाची होती ते आता सगळ्यांना ठाऊक झालंय. जिला सांगायचं होतं, तिला तेवढं सांगायचं राहून गेलं.