बेसणुं

हसणार नाही, असं आधी कबूल करा. नाही करत? बरं, हसा. पाच महिने सगळं कतारगाम हसतंय, त्यात तुम्ही चार जण वाढलात तर माझं काय जातंय! चहा मात्र गरम आहे तोवर प्या, कारण पुढे घास आणि घोट दोन्ही अडकतील.

मी हिंगोलीकडचा माधव. सुरतेत येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. नोकरी इच्छापोरच्या एका कारखान्यात, स्टोअर सांभाळायची. राहायला कतारगाममध्ये, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. आणि डोक्यात एक ठाम समजूत, की गुजराती म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'छे' लावायचं.

या समजुतीने मला पहिल्याच आठवड्यात तोंडावर पाडलं होतं. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी जयंतीकाका. हिरे घासण्याचा छोटा कारखाना आहे त्यांचा, माणूस सोन्यासारखा. भाडेकराराचा कागद घ्यायला गेलो, तर म्हणाले, "ऊभा रहो." मी ताडकन उभा राहिलो. ते आत गेले, कागद शोधून बाहेर आले, मी आपला राष्ट्रगीत चालू असल्यासारखा उभा. काका गोंधळले. "बेसो ने, माधवभाई!" बसलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "ऊभा रहो हं," म्हणाले. उठलो! तीनदा उठबस झाल्यावर काकूंनी आतून हिंदीत सांगितलं, "अरे भाई, ऊभा रहो मतलब रुको!"

आता शहाण्या माणसाने इथे काय धडा घेतला असता? की बाबा रे, बसणं-उठणं, येणं-जाणं ही क्रियापदं दिसतात सारखी, पण हात लावताना जपून. मी काय धडा घेतला? की चला, एक शब्द शिकलो!

मग माझं लग्न जमायची वेळ आली. मुलगी मनीषा. घरचे मूळचे नंदुरबारकडचे, पण वडील तीस वर्षं सुरतेतच, उधन्याला यंत्रमागांवर लूममास्तर. मुलीला मी पसंत, मला मुलगी फारच पसंत. आता राहिली होती बैठक. देण्याघेण्याचं काही नव्हतं हो, नुसती तारीख ठरवायची. मुलीचे वडील म्हणाले, "मुलाचं राहतं घर बघू, तिथेच बैठक करू." मी आईला आणायला गावी गेलो.

गावी बसल्या बसल्या मला वाटलं, आपण परक्या गावात एकटे. बैठकीला आपल्या बाजूने चार माणसं दिसायला हवीत. बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यांना बोलवावं, आणि तेही गुजरातीत!

त्या ग्रुपवर तसले मेसेज मी पुष्कळदा पाहिले होते. वर हसरा फोटो, खाली अमुकभाईनुं बेसणुं, वार, वेळ, ठिकाण. गुजराती लिपी मला अडखळत यायची, म्हणून वरच्या बारीक ओळी सोडून मी फक्त शेवटची ठळक ओळ वाचायचो. बेसणुं म्हणजे बसणं, बसणं म्हणजे बैठक, बैठक म्हणजे लग्नाची! फोटोतली माणसं वयाने जरा जास्त वाटायची, हे खरं. पण म्हटलं, मोठं शहर आहे, इथे उशिरा जमत असेल.

तर तीच ओळ उतरवून काढली, नाव, वार, वेळ तेवढं बदललं. 'रविवारे सांजे पांच वाग्ये माधवभाईनुं बेसणुं राखेल छे. सर्वेए पधारवुं.'

दोन मिनिटांत जयंतीकाकांचा मेसेज. "बहु खोटुं थयुं."

खोटं? मला जरा रागच आला. मी लिहिलं, "खोटुं नथी, साचुं छे!"

मग विचारलं, "केवी रीते गया?"

केवढी काळजी बघा! गावी कसे गेलात, विचारतायत. त्यांनी आदराने 'गया' म्हटलं, म्हणून मीही 'गया'च लिहिलं. "ट्रेनमां गया. सूता सूता ज गया. जराय तकलीफ नथी पडी." स्लीपरचं तिकीट होतं ना माझं!

यावर पंधरा जणांनी जोडलेले हात पाठवले. एकाने लिहिलं, "अमे बधा तमारी साथे ऊभा छीए." मी लिहिलं, "ऊभा केम? खुरशीओ मुकावजो, बधा बेसजो!" काकांनी एक चांगला फोटो मागितला. मी निळ्या शर्टातला पाठवला. आईला म्हटलं, "बघ आई, मराठवाड्यात सख्खा भाऊ एवढं करणार नाही."

रविवारी गाडी लेट. रिक्षातून उतरलो तेव्हा सव्वापाच झाले होते. खाली पार्किंगमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून. उदबत्तीचा वास. समोर टेबलावर निळ्या शर्टातला मी, गळ्यात हार, पुढे दिवा.

आईचे डोळे भरून आले. "किती मान देतात रे तुला इथली माणसं!"

मी मात्र त्या हाराकडे बघत रिक्षावाल्याकडून सुटे पैसे घ्यायचेच विसरलो. त्यात माइकवरून जयंतीकाकांचा आवाज आला. "माधवभाई बहु शांत माणस हता. आपणी भाषा शीखवानी एमने बहु होंश हती."

हता? हती? माणसाला कितीही कमी गुजराती येवो, भूतकाळ कळतोच. बेसणुं म्हणजे लग्नाची बैठक नव्हे हो. माणूस गेल्यावर त्याच्या घरी दुःखाला बसतात, ते बेसणुं! माझ्या फोनवरून घरचं कुणी लिहितंय, असं समजून काकांनी 'खोटुं थयुं', म्हणजे वाईट झालं, म्हटलं होतं. आणि मी गेलो नव्हतो, हे त्या पार्किंगमध्ये फक्त मला आणि आईला माहीत होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत लक्ष गेलं. मनीषाचे वडील, बैठकीला म्हणून पाचला आलेले. शेजारी तिची आजी, डोक्यावर पदर. आणि मनीषा, अबोली रंगाची साडी नेसून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून, रडतेय. माझ्यासाठी! लग्नाआधी बायको आपल्यासाठी रडताना कुणाला बघायला मिळते? त्याही क्षणी मला मेल्याला थोडं बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

"काका," मी म्हटलं.

काकांनी वर पाहिलं. माइक हातातून सुटला, त्याचा असा खण्णकन आवाज झाला की दोन बायका किंचाळल्या.

"माधवभाई! तमे तो गया हता ने?"

"गयो हतो," मी म्हटलं. "पाछो आव्यो."

आजी पदर सावरत उठली. "माय वं! हाऊ पोऱ्या ते जित्ता शे!"

पुढची दहा मिनिटं मी कशी काढली, विचारू नका. सगळ्यांना हात जोडून, मराठी-हिंदी-गुजरातीची खिचडी करून समजावलं. काकांनी डोळे पुसले, मग फोन काढून माझी ती 'सूता सूता ज गया'ची ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. आधी कुणीतरी नाकातून हसलं, मग पार्किंग हलायला लागलं. हसत नव्हते ते फक्त उधन्याचे तिघे. आणि आई. ती माझ्या फोटोचा हार काढत होती. तेव्हा मला स्वतःची खरी लाज वाटली.

मनीषा काकांचा फोन मागून घेऊन माझा मेसेज वाचत राहिली. ती प्राथमिक शाळेत गुजराती शिकवते, हे तुम्हाला सांगितलं नाही का? तिने दोनदा वाचला.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो," मी म्हटलं. नाकारायला जागा होती कुठे?

"शुद्धलेखनाची एकही चूक नाही," ती म्हणाली.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, शपथ! मी लगेच आशेवर. तिच्या वडिलांकडे वळून म्हटलं, "चला, वर चला. आईच्या हातचा चहा घेऊ, तारीख ठरवू."

आजीने सुनेला, म्हणजे मनीषाच्या आईला, फोन लावून सगळ्यांसाठी आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं. ज्याच्या दुःखाला बसून आलो त्याच्याच घरी चहा पिणं तिला मंजूर नव्हतं. मनीषाने पेढ्यांचा बॉक्स आईच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला. तिचे वडील चपला घालून माझ्यासमोर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुम्ही-मी मराठी माणसं. कुणाच्याही दारातून निघताना आपण काय म्हणतो? 'येतो.' वैऱ्याच्या घरून निघालो तरी 'येतो'च म्हणतो.

ते म्हणाले, "बरं, जातो आम्ही."

आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदाच एक क्रियापद मला ऐकल्याबरोबर, कुणालाही न विचारता, अचूक कळलं.