भावजींसमोर शीळ

"भुवया वर करा," डॉक्टर म्हणाले. आरशात डावी भुवई वर गेली, उजवी आपली बसून राहिली. डोळे मिटायला सांगितले, तर उजवा मिटेना. गाल फुगवले, तर उजव्या कोपऱ्यातून फुस्सकन हवा गेली.

"बेल्स पाल्सी," ते म्हणाले. म्हणजे काय, तर मेंदूतून चेहऱ्याकडे येणारी सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजते आणि चेपते. मग त्या बाजूचा निम्मा चेहरा झोपतो. "अर्धांग नाही, घाबरू नका. मेंदूचा झटका असता तर तुम्हाला कपाळावर आठ्या घालता आल्या असत्या. तुमचं कपाळही गेलंय, म्हणजे बिघाड फक्त या नसेत आहे." कपाळ गेलं म्हणून आनंद मानायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मी एसटीत कंडक्टर आहे. सोलापूर–मैंदर्गी ही माझी नेहमीची गाडी. आदल्या दिवशी स्टँडवर चहा पिताना तो हनुवटीवरून साडीवर सांडला. गाडीत "पुढं सरका" म्हणायला गेले तर "फुडं" निघालं. आमच्या मार्गावर सगळेच फुडं म्हणतात, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही. अक्कलकोटला एक आजी चढली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, वारं गेलंय की गं तुझ्या तोंडावरनं!" म्हणजे पहिलं निदान त्या आजीचंच. डॉक्टरांनी फक्त नाव बदललं.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. पहिली, त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरुवातीलाच घेतल्या तर उपयोग. पारव्याचं रक्त चोळ, खिडकीत बसू नकोस, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हो म्हणायचं आणि गोळी घ्यायची. दुसरी, डोळा सांभाळा. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं. दिवसा थेंब, झोपताना मलम आणि पट्टी. चेहरा मागाहून येतो, पण डोळा एकदा खराब झाला की झाला.

माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात. ते शनिवारी येतात. म्हणून मला दवाखान्यात न्यायचं काम थोरल्या दिरांकडं आलं. आमचे भावजी शेती बघणारे, मोजकं बोलणारे. स्कूटरवरून न्यायचे, आत येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, भिंतीकडे बघत. माणूस देवासारखा. पण देवासमोर आपण जरा जपूनच वागतो. एसटीत सत्तर माणसांवर ओरडणारी मी भावजींसमोर आजही पदर सारखा करते. त्यांनी तसं कधी सांगितलेलं नाही. आमच्यात असतंच ते.

व्यायामासाठी मला फिजिओथेरपीकडं पाठवलं. तिथल्या स्नेहल मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या तेव्हा चेहऱ्याच्या ऑस्टिओपॅथीचं प्रशिक्षण घेत होत्या. हाडं, स्नायू आणि त्यांच्यावरचं पातळ आवरण बोटांनी चाचपायचं, कुठं अवघडलंय ते शोधायचं आणि हलक्या हातानं मोकळं करायचं, अशी ती विद्या. मला वाटलं, आता ही बाई तोंड कणकेसारखं मळणार. पण त्यांचा हात इतका हलका, की मला दोनदा झोप लागली.

"नस मी जोडत नाही हं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ती तिची ती वाढते, तिच्या चालीनं. तोवर गाल आखडू नये, एवढंच मी बघते. आणि फुगे फुगवू नका, च्युइंगम चघळू नका. जोर केला की नस भलत्या स्नायूत शिरते, मग हसताना डोळा मिटतो."

हळूहळू पापणी मिटायला लागली. कपाळावर पहिली आठी पडली तेव्हा मी ती आरशात पुन्हा पुन्हा घालून बघितली. पण तोंड काही हलेना. दरवेळी मॅडम तेच सांगायच्या: नाक मुरडा, दात दाखवा, ओठांचा चंबू करा, शीळ घाला. चंबू म्हटलं की मी ओठ जेमतेम हलवायचे. शीळ म्हटलं की मान खाली आणि ओठ घट्ट मिटलेले. भावजी स्टुलावर, आणि मी शीळ घालायची? काहीतरीच काय! मला वाटायचं, हे आपलं शाळेतल्या कवायतीसारखं, एखादं नाही केलं तर काय बिघडतं.

चौथ्या महिन्यात मॅडमच्या नोंदी बघून डॉक्टर गंभीर झाले. "नसेची ओठाकडची फांदी दाद देत नाही. अजून थोडं थांबू, नाहीतर पुण्याला ऑपरेशनसाठी दाखवू." जिभेच्या नसेचा धागा काढून चेहऱ्याच्या नसेला जोडतात म्हणे. डेपोनं मला तात्पुरतं टेबलाचं काम दिलं होतं. ओठ आले नाहीत तर ते कायमचंच होईल, असं साहेबांनी सौम्य शब्दांत सुचवलं. त्या दिवशी मात्र मी रडले. तोंड वाकडं झालं त्याचं एवढं नव्हतं, पण माझी गाडी दुसरीच्या हातात जाणार, हे मला सोसेना.

त्याच सुमारास मॅडमनी विचारलं, "रविवारी आमच्या वर्गाला याल? शिकवणाऱ्या सरांना तुमचा चेहरा दाखवायचाय." भावजी लग्नाला गेले होते. मी रिक्षानं गेले.

हॉलमध्ये प्रत्येक डॉक्टरच्या हातात प्लास्टिकची कवटी. चेहऱ्यात चौदा हाडं असतात, हे मला तिथं कळलं. एका मुलीनं भुवयांच्या पेन्सिलीनं माझ्या गालावर स्नायू काढले. मग सरांनी हातमोजा घालून एक बोट माझ्या गालाच्या आत ठेवलं, अंगठा बाहेर. "चहा गरम आहे. फुंकर मारा."

मी मारली.

सर थांबले. "पुन्हा." मी पुन्हा मारली. "अहो, हा स्नायू तर चांगला हलतोय. ओठही गोल होतायत. मग शीळ नाही असं कसं?" मॅडम गोंधळल्या. सर माझ्याकडे वळले. "ताई, शीळ घालायला सांगितल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"काही नाही करत," मी म्हणाले. "आमचे मोठे भावजी समोर बसलेले असतात."

सगळा वर्ग हसला. मॅडमनी कपाळावर हात मारला. सर हसले नाहीत. ते वर्गाला म्हणाले, "चेहरा तपासताना खोलीत कोण बसलंय तेही बघत जा." मग मला म्हणाले, "आता शीळ शिका. आवाज निघाला तर मी स्वतः तुमच्या डॉक्टरांना सांगतो, पुण्याला पाठवू नका."

शिकायची कुठं? सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत. मी माहेर गाठलं, मैंदर्गीजवळ. वडील बैलांना पाणी पाजत होते. आमच्याकडे बैल पाण्याला तोंड लावतात ते शिळेवर. धनी बारीक शीळ घालत उभा राहतो, बैल निवांत पितात. लहानपणी मी तशी शीळ घालायला गेले, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता.

"अप्पा, मला शीळ शिकवा," मी म्हणाले आणि कारण सांगितलं.

अप्पा बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "घाल की मग. बैलाला काय कळतंय, बाई हाय का गडी हाय!"

नुसती हवा जात होती. आठवडाभर रोज हवाच. मग एका संध्याकाळी बारीक, चिरका आवाज आला. बैलानं पाण्यातून तोंड वर काढलं आणि माझ्याकडं बघत राहिला. "अजून कच्ची हाय," अप्पा म्हणाले. पण त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, ते मी पाहिलं.

परत आले तेव्हा भावजीच स्कूटर घेऊन उभे. दवाखान्यात मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, जरा बाहेर बसता का?"

"बसू द्या त्यांना," मी म्हणाले. ऑपरेशन, डेपो, गाडी, सगळं त्या एका फुंकरीवर होतं. मी ओठ गोल केले आणि भावजींसमोर शीळ घातली. लांब, अप्पांसारखी. भावजींनी भिंतीवरचं कॅलेंडर अगदी मन लावून वाचलं.

डॉक्टरांनी पुण्याचं रद्द केलं. काही आठवड्यांनी फिटनेसचा दाखला मिळाला आणि गाडीही. हसताना अजून उजवा कोपरा जरा मागं राहतो. सगळं आधीसारखं होईल अशी वाट मी आता बघत नाही. मिटणारा डोळा आणि न सांडणारा चहा, एवढं पुष्कळ आहे. तुम्हालाही कधी दवाखान्यात काही करून दाखवायला सांगितलं आणि लाज वाटली, तर निदान लाज वाटते एवढं तरी बोला.

शीळ घातली त्या दिवशी घरी जाताना सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा भावजी मागे न बघता म्हणाले, "पितील की बैलं ह्या शिळेवर."

मी मागे बसून हसले. तोंड वाकडं झालं असेल, पण पदर लावला नाही.