दक्षिणेला उतू गेलेला पोंगल

दूध उतू जाऊ द्यायचं नाही हे मला कुणी शिकवलं नाही, ते माझ्या हातातच आहे. नागपूरला आमच्या घरी दूध सांडलं की आई आधी गॅस बंद करायची आणि मग आमचा उद्धार करायची. रथसप्तमीला ती स्वतः अंगणात बोळक्यातलं दूध उतू घालायची, पण ते वर्षातून एकदा आणि तिच्या हुकमाने. एरवी दुधाकडे पाठ फिरवलीत की तुमचं काही खरं नाही.

असा हात घेऊन मी सून म्हणून गेले ती नेमकी एका तमिळ घरात! तिथे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला पोंगल असतो. सूर्यासमोर तपेलीत दूध उकळायचं, ते काठावरून उतू गेलं की सगळ्यांनी "पोंगलो पोंगल" असं ओरडायचं, आणि मग घरच्या बाईने त्यात नवे तांदूळ वैरायचे. माझ्या सासरी दिशाही बघतात. पहिली धार पूर्वेला गेली तर उत्तम, उत्तरेला गेली तरी छान. दक्षिणेचं कुणी नावच काढत नाही.

माझा पहिला पोंगल अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, इलेक्ट्रिक शेगडीवर झाला. सासूबाई, म्हणजे अम्मा, तिरुनेलवेलीहून आल्या होत्या. दूध तापत आलं तेव्हा शंख आणायला त्या आतल्या खोलीत गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "बघ हं." मी बघितलं ना! दूध फसफसून वर आलं, आणि डोकं काही बोलायच्या आत माझ्या हाताने तपेली उचलून बाजूला ठेवली. एक थेंब सांडू दिला नाही. वर शाबासकी मिळेल म्हणून हसत उभी! अम्मा शंख घेऊन आल्या, खाली बसलेलं दूध बघितलं आणि शंख पुन्हा आत ठेवून आल्या.

मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. त्याची अख्खी टीमच गेली होती, पण तिकडे नातेवाइकांना कारण माझ्या हातात सापडलं. नवऱ्याच्या मावशीने तर गावभर केलं, की चढता पोंगल हिने खाली उतरवला. चार महिन्यांत त्याला दुसरी नोकरी लागली, ते मात्र कुणी माझ्या खात्यावर मांडलं नाही.

तोवर मला तमिळ समजायला लागलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. अम्मा फोनवर माझ्याविषयी बोलताना 'त्याची बायको' म्हणायच्या. सुनेला त्यांच्यात मरुमगळ म्हणतात. तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही. तीन वर्षं! राग यायचा, आणि रागाच्या खाली वाईट वाटायचं. मला त्या घरची सून व्हायचं होतं, आता लपवून काय करू?

दोन हजार सातच्या जानेवारीत अम्मा पुन्हा आल्या. आम्ही तेव्हा ट्रॉयमध्येच घर घेतलं होतं. सणाच्या दोन दिवस आधी त्या म्हणाल्या, "या वेळी तपेली मीच बघते. तू जरा लांब राहा."

मी तडकले. "राहते लांब. पण पोंगल बाहेर करायचा, मागच्या अंगणात. सूर्याचा सण आणि सूर्य भिंतीच्या पलीकडे? हे कुठलं शास्त्र?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. पण अम्मांचे डोळे असे काही चमकले की मला माझे शब्द मागे घेता येईनात. अमेरिकेत त्यांनी उघड्यावर पोंगल कधी केलाच नव्हता.

मग काय, आलिया भोगासी! नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून तीन विटा आणि गॅस स्टेशनवरून लाकडाची मोळी आणली. मी फावड्याने बर्फ उपसून चौक केला, त्यावर रांगोळी काढली. पांढऱ्यावर पांढरी दिसेना म्हणून हळद घातली. सणाच्या सकाळी लख्ख ऊन पडलं, आणि मिशिगनमध्ये ऊन पडलं की थंडी जास्त. अम्मा रेशमी साडीवर माझा जाड कोट, नवऱ्याची कानटोपी आणि स्नो बूट अशा थाटात, हातात शंख घेऊन पूर्वेला तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलं लांब.

दूध काही तापेना. पश्चिमेचा वारा असा भणाणत होता की ज्वाळा तपेलीला लागायच्याऐवजी आडव्या पळायच्या. अर्धा तास गेला. अम्मांचे ओठ निळे पडले. नवरा म्हणाला, "यार, बस झालं, आत शेगडीवर करू." अम्माही हळूच म्हणाल्या, "चल, आत नेऊ."

"नाही!" मी ओरडले. सासूला तोंडावर नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "आत नेली तर पुन्हा उतरवलीच की तपेली! चढवलेली तपेली मी आता उतरवू देणार नाही."

माझा आरडाओरडा ऐकून शेजारचे काका कुंपणाशी आले. कारच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे. आम्ही कशासाठी भांडतोय ते नवऱ्याने सांगितलं. ते तडक गॅरेजमध्ये गेले आणि एक कापडी आडोसा घेऊन आले. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसतात, तेव्हा वारा अडवायला लावतात तो. पश्चिमेला आणि उत्तरेला त्यांनी तो खुंट्या ठोकून उभा केला.

वारा थांबला, आणि माशांचा असा वास सुटला की विचारू नका. अम्मा कांद्यालाही नाक मुरडणाऱ्या. मी जीव मुठीत धरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "आडोसा चांगला आहे. लाकूड सार."

मी सारलं. जाळ सरळ वर गेला. दुधावर बुडबुडे आले, साय थरथरली, दूध चढायला लागलं. माझे हात शिवशिवले, ते मी पाठीमागे घट्ट धरून ठेवले. आणि नेमकं तेव्हाच विस्तवाने खालचा बर्फ वितळून एक वीट खचली. तपेली कलली, आणि दूध भसाभस उतू गेलं. सगळी धार एकाच अंगाने, माझ्या बुटांवर. दक्षिणेला!

नवरा "पोंगलो" म्हणून थांबला. शेजारच्या काकांनी मात्र जोरात टाळ्या वाजवल्या. अम्मांनी कानटोपी मागे सारली आणि असा शंख फुंकला की समोरच्या घराचं दार उघडलं. "पोंगलो पोंगल!" त्या ओरडल्या, तशी मीही ओरडले, घसा फुटेस्तोवर. त्यांनी तांदळाची पहिली मूठ भरली, माझा हातमोजा ओढून काढला आणि मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली. मी तांदूळ वैरले. रडत होते, आणि गालावर पाणी गारठत होतं.

घरात येऊन हात शेकतोय तोच मावशींचा फोन आला. अम्मांनी तो स्पीकरवर टाकला. मावशींनी शुभेच्छा नाहीत, काही नाही, पहिला प्रश्न तोच विचारला. "उतू गेलं? कुठल्या दिशेला?"

जन्मात कधी खोटं न बोललेल्या माझ्या सासूबाईंनी माझ्या ओल्या बुटांकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "मरुमगळच्या दिशेला."