पौर्णिमा लोकांना विचारून आली

समाजशास्त्र शिकवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. साकोलीकडच्या एका कॉलेजात मी बी.ए.ला 'समाजीकरण' शिकवते. सिद्धांत पुस्तकातला, उदाहरणं मात्र पोरं घरूनच आणतात. स्टाफरूममध्ये सांगता सांगता माझा चहा रोज थंड होतो!

पहिलाच तास. म्हटलं, "माणूस जन्मतः सामाजिक नसतो. घर, समाज त्याला घडवतो."

मागून महेश म्हणाला, "मॅडम, मंग आमच्या मोठ्या भावाले घडवाचं राहूनच गेलं!"

वर्ग खदखदला. मोठा भाऊ नापास होऊन पुढच्याच बाकावर बसला होता.

टेस्टमध्ये विचारलं, समाजीकरणाचं सर्वांत प्रभावी साधन कोणतं? कुटुंब, शाळा, मित्र यांवर पानभर लिहायचं होतं. एकीनं एवढंच लिहिलं : "आईचे डोळे. पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा पोहे मागून पाहा."

पूर्ण मार्क दिले. काय करणार?

मुलं खेळताना मोठ्यांच्या भूमिका शिकतात, असंही एक प्रकरण आहे. होमवर्क दिला : घर-घर खेळणारी मुलं बघून या. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी स्नेहा सांगत आली. शेजारची चिमुरडी मातीचा भात रांधत होती, भाऊ नुसता लोळत होता. आई ओरडली, "अरे, तूबी खेळ ना तिच्यासंग!"

"खेळून तर राहिलो! मी बाबा आहो!"

बाबा घरातच होते म्हणे.

मग आला 'लोक काय म्हणतील'चा धडा. पुस्तकात त्याला भारी नाव आहे, पण अर्थ हाच : सगळ्या समाजाची नजर आपण मनात घेऊन फिरतो. वर्गाला लगेच समजलं.

एकोडीकडची पौर्णिमा मात्र तास संपल्यावर माझ्याकडे आली. फार हुशार पोरगी. तिला हॉस्टेलला राहून नागपूरला एम.ए. करायचं होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि बाबा म्हणत होते, "माही ना नाही बेटा. पन लोकं काय म्हनतीन?" तिचे भरलेले डोळे बघून मला असा राग आला! बोलून गेले, "मग विचार ना लोकांनाच!"

पोरीनं खरंच विचारलं! रविवारी घरोघरी गेली. "मी नागपूरले शिकाले गेली तं तुमी काय म्हनान?"

"आमी कायले काही म्हनू बाई? पन लोकं बोलतीन."

पुढच्या घरी तेच. किराणावाल्याकडे तेच, सरपंचबाईंकडेही तेच!

घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं. बाबा मानेनात. "तुह्या तोंडावर कोन सांगन? चाल, मी विचारतो." तिला घेऊन ते शेजारच्या शामरावकाकांकडे गेले. काकांची सरिता पौर्णिमाची जिवलग मैत्रीण. बारावीनंतर तिचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता, पण गेली नाही. घरीच होती.

बाबांनी सरळच विचारलं, "शामराव, खरं सांग. मी पोरीले नागपूरले धाडली तं तू काय म्हनशीन?"

शामरावकाका म्हणाले,

"मी काय म्हनू गा? मी तं आमच्या सरिताले घरी बसवली, तू काय म्हनशीन म्हनून!"