शिशाचा एप्रन

मुलांनो, तुम्ही क्ष-किरण अडवणारं हलकं कापड बनवता हे पत्रात वाचलं, म्हणून आजच लिहिते. एकोणीसशे पन्नासनंतर कल्याणच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे एक गृहस्थ होते. बाजारात भेटले तरी म्हणायचे, “हनुवटी वर, श्वास धरा!”

तुमच्या लहानग्या बाबांचं मनगट मोडलं. ते मला सोडेनात, आणि मला पाचवा महिना. किरणांनी पोटातल्या बाळाला काही होईल म्हणून मी घाबरले. गृहस्थांनी एकुलता एक शिशाचा एप्रन स्वतःच्या अंगातून काढून मला घातला. मी वाकलेच.

“किती जड हो!”

“असू दे. पोटावरून हलवू नका, वहिनी.”

“आणि तुम्ही?”

“मी रोजचाच. पोराचा हात मी धरतो.”

दुसऱ्या हातानं त्यांनी बटण दाबलं.

ती फिल्म माझ्याकडे अजून आहे. बाबांच्या इवल्या मनगटाभोवती त्या गृहस्थांच्या दोन बोटांची हाडं दिसतात.