चार शून्यं

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात दरवर्षी रिंग काउंटरचं प्रॅक्टिकल माझं डोकं उठवतं. कॉम्प्युटरवर चार फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक किंवा शून्य धरून ठेवणारे कप्पे, गोलात जोडायचे आणि पहिल्यात एकचा आकडा भरायचा, मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तो एक पुढच्या कप्प्यात सरकतो. तो एक भरायलाच सगळी पोरं विसरतात. मग स्क्रीनवर नुसती शून्यं फिरतात, आणि जर्नलात मात्र मागच्या बॅचचं उतरवलेलं बरोबर उत्तर असतं.

यंदा बेंबळीहून येणाऱ्या एका मुलीच्या जर्नलात सगळी शून्यंच निघाली. मी वैतागून पानभर लाल फुली मारली. म्हणालो, "एवढं साधं जमत नाही व्हय?"

ती म्हणाली, "सर, स्क्रीनवर दिसलं तेच लिहिलंय की."

बाकीच्या सगळ्या जर्नलांवर माझी सही आधीच झाली होती.