डाव्या गालासाठी दस्ता

मी डावखुरी आहे हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, आणि तेही लीड्समधल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात, एका परक्या बाईच्या तोंडून.

नवरा तिथे रजिस्ट्रार डॉक्टर होता आणि मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करत होते. कर्मचाऱ्यांच्या सोशल क्लबची रायफल रेंज बॉयलरच्या खोलीला लागून होती. एका हिवाळी संध्याकाळी आम्ही दोघं तिथे गेलो ते नेमबाजीच्या ओढीने वगैरे नव्हे. घरातलं हीटिंग बिघडलं होतं, तळघर ऊबदार होतं आणि तिथे चहा फुकट मिळायचा. पालथं झोपून पंचवीस यार्डांवरच्या कार्डावर मी गोळ्या झाडल्या. कार्ड परत आलं तेव्हा मधलं काळं वर्तुळ सोडून बाकी सगळीकडे भोकं होती. नवरा पोट धरून हसला.

रेंज चालवणाऱ्या बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. आवाज खणखणीत, अंगात बारा महिने तोच हिरवा जंपर. त्यांनी कार्डाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं, आधी एक डोळा मिटून, मग दुसरा.

"तुझा डोळा डावा आहे, लव्ह," त्या म्हणाल्या. "हातही डावाच असणार. मग तू हे उजवीकडून का करतेस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हसायला गेले आणि माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. नवऱ्याचं हसू थांबलं.

साताऱ्याला मी चार-पाच वर्षांची असताना आई जेवताना आणि पाटी लिहिताना माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून ठेवायची. वेणीच्या निळ्या रिबिनीने. त्यात राग नसायचा. केस विंचरावेत तितक्या सहजपणे ती गाठ मारायची. डाव्या हाताने प्रसाद घेणारी, डाव्या हाताने पैसे देणारी मुलगी उद्या सासरी काय दिवे लावणार, एवढीच तिची काळजी होती. आईचं स्वतःचं सगळं कसं नेटकं. जेवताना ती डावा हात मांडीखाली घेऊन ताठ बसायची. पाण्याचं भांडं उचलायचं असेल तेवढ्यापुरता तो बाहेर यायचा. आम्ही बहिणी त्याला आईची बैठक म्हणायचो. मावश्या आपल्या मुलींना सांगायच्या, बघा, जेवायला असं बसावं. माझाही डावा हात हळूहळू गप्प झाला. उजव्या हाताने मी पाटी गिरवली, बीएस्सी केलं, सप्तपदी चालले. फक्त मायक्रोस्कोपला डोळा लावायची वेळ आली की न चुकता डावाच लागायचा, आणि त्याकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं.

त्या रात्री घरी जाताना मी नवऱ्याला म्हटलं, "मला एक रायफल हवी आहे. माझ्या बाजूची."

"आपल्याकडे सोफा नाहीये," तो म्हणाला. "माझी एक्झाम फी भरायची आहे. आणि तुला गन हवीये?"

त्याचंही खरं होतं. डावखुऱ्यांच्या तयार रायफलींची किंमत ऐकून मी कॅटलॉग मिटून ठेवला होता. पण बाईंनी दुसरी वाट दाखवली. जुन्या काळची एक बनावट असते, तिची गोळी भरायची झडप खालच्या लिव्हरने उघडते. बाजूला खटका नाही, त्यामुळे त्या यंत्राला डावं-उजवं कळतच नाही. डावं-उजवं असतं ते लाकडात, म्हणजे ज्यावर गाल टेकवायचा त्या दस्त्यात. यंत्र जुनं घे, दस्ता तू कर, असं त्यांनी मला भाजीची पाककृती सांगावी तसं सांगून टाकलं.

मग वर्षभर मी तुकडे गोळा केले. यंत्र मिळालं क्लबातल्याच एका म्हाताऱ्या सभासदाकडे. त्याचा दस्ता किडलेला आणि नळी झिजलेली, म्हणून स्वस्त. नळी ब्रॅडफर्डच्या एका दुकानातली, कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेली. नेम धरायचं मागचं साइट एकाने दोन डबे चिवड्याच्या बदल्यात दिलं आणि वर तिसरा मागून घेतला. या सगळ्याआधी बंदूक बाळगायचं सर्टिफिकेट. त्यासाठी एक उंच पोलीस घरी आला, जिन्याखालच्या कपाटात तांदळाच्या पोत्याशेजारी भिंतीत ठोकलेली लोखंडी पेटी त्याने हलवून पाहिली, आणि चावी फक्त माझ्याकडे राहील ना, हे दोनदा विचारलं. मी म्हटलं, या घरात एखादी गोष्ट फक्त माझी असण्याची ही पहिलीच वेळ आहे, काळजी नको. त्याला ते कळलं नसावं, पण चहा त्याने आवडीने घेतला. नळी आणि यंत्र जोडायचं काम गनस्मिथचं. त्यात मी बोटही घातलं नाही. त्याने ते बर्मिंगहॅमला तपासणीला पाठवलं आणि लोखंडावर बारीक शिक्के उमटून ते परत आलं.

लाकूड तेवढं माझं होतं. अक्रोडाचा एक ओंडका, रंगाने मळकट, कडेला भेग, म्हणून गनस्मिथने कमी भावात दिलेला. घरी आणून मी त्याच्यावर ओला फडका फिरवला आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. त्या मळकट ठोकळ्यातून काळ्या, तांबूस, मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. वळत, दाटत, एका गाठीला वळसा घालून पुढे जात. पाणी सुकलं तशा त्या परत आत गेल्या. मी पुन्हा फडका फिरवला. लॅबमध्ये रोज काचेखाली पेशी बघणारी मी, पण इतकी थक्क मी कधी झाले नव्हते. हे सगळं त्या झाडाच्या पोटात कुणी न बघता इतकी वर्षं चाललं होतं!

स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं अंथरून मी तासायला बसायचे. पहिले काही आठवडे रंधा उजव्या हातातच. मग एकदा एक आतली वळणदार जागा उजव्या हाताला साधेना, म्हणून पटाशी डाव्या हातात घेतली. त्या हाताने काही विचारलंच नाही. किती दाबायचं, कुठे थांबायचं, लाकडाची रेष कुठे उलटते, सगळं त्याला माहीत असल्यासारखं. मी हात थांबवून त्याच्याकडे बघत बसले. तीस वर्षं ज्याला एक रेघ ओढू दिली नव्हती तो हात इतका शहाणा राहिलाच कसा, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

आणि तरीही घात झालाच. गालाचा उंचवटा कोरून, घासून, गुळगुळीत करून मी दस्ता क्लबात नेला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि एक भुवई वर केली. उंचवटा डाव्या अंगाला होता. म्हणजे उजवीकडून नेम धरणाऱ्यांसाठी, कारण त्यांचा गाल लाकडाच्या डाव्या अंगाला टेकतो. डाव्या हाताने, माझ्या हौसेने, माझ्या पैशांनी मी नेटका उजव्यांचा दस्ता बनवला होता. आईची रिबीन इंग्लंडात अक्रोडाच्या लाकडापर्यंत पोहोचली होती. मला इतका संताप आला की तो दस्ता बॉयलरमध्ये घालायला मी खरोखरच उठले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "काप आणि पलीकडे चिकटव."

दुसरं लाकूड परवडणारं नव्हतंच. मी तो उंचवटा सपाट कापून काढला, उजव्या अंगाला सरसाने चिकटवला, पुन्हा नवीन वळण दिलं. सांध्याची एक बारीक काळी रेघ राहिली. कितीही घासलं, तेल लावलं, तरी ती गेली नाही.

जूनमध्ये मी पहिली गोळी झाडली. दस्ता डाव्या खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि गाल जिथे टेकायला हवा होता तिथेच टेकला. जगातली एकूण एक वस्तू, कात्रीपासून कॅन-ओपनरपर्यंत, मला जरा पलीकडे सरक म्हणत आली होती. ही म्हणाली नाही. नजरेसमोर साइटचं वर्तुळ, त्यात कार्डाचं काळं वर्तुळ. छातीच्या ठोक्याबरोबर ते किंचित उडत होतं. बाई शिकवायच्या, दोन ठोक्यांच्या मधे एक शांत जागा असते, तिथे थांब. मला ती कधी सापडली नव्हती. त्या दिवशी सापडली. बॉयलरची घरघरही नाहीशी झाली. चाप कधी दाबला कळलं नाही. कार्ड जवळ आलं तेव्हा काळ्याच्या बरोब्बर मधे एक भोक होतं, मोहरीएवढं, आणि त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. नवऱ्याने ते हातात घेतलं आणि दिव्यासमोर धरून पाहिलं.

सप्टेंबरात आई येणार होती. पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी. माझी सगळी मर्दुमकी तिथे गळाली. चाळिशीला टेकलेली, स्वतःची रायफल असलेली बाई आईपुढे डावा हात काढायला घाबरत होती! ती आल्यावर मी निमूट उजव्या हाताने पोळ्या लाटल्या. गुरुवारी संध्याकाळी 'बॅडमिंटनला जाते' म्हणून रेंजवर गेले. मला तिला दाखवायचं होतं, जीव तुटत होता दाखवायला. पण तिने ते बघून फक्त ओठ घट्ट मिटले असते, तर तो हात पुन्हा गप्प झाला असता. मला त्याचीच भीती होती.

"सांगून टाक ना," नवरा म्हणायचा. "व्हॉट्स द वर्स्ट दॅट कॅन हॅपन?"

त्याला काय कळणार होतं!

खंडेनवमीला आईने पाटावर लाल कापड घातलं. नवऱ्याचा स्टेथोस्कोप, शिवणाची कात्री, विळी, मी लॅबमधून आणलेलं मायक्रोस्कोपचं एक जुनं भिंग असं सगळं मांडलं. बागेतले झेंडू होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिन्याखाली काय आहे तेही आण. जावई सांगत होते परवा. पोलीस बघून गेला, मग आईने बघितलं तर काय बिघडलं?"

मी नवऱ्याकडे डोळे वटारले. तो घाईने वर्तमानपत्राच्या आड गेला.

मी पेटी उघडली, रायफल रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं आणि ती पाटावर आणून ठेवली. आईने लाकडावर हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, नमस्कार केला. मग दस्त्यावरून बोट फिरवताना ते त्या काळ्या रेघेवर अडलं.

"हे काय जोडलंयस?"

"आधी चुकून उजव्यांचं केलं होतं, आई. मग कापून इकडे लावलं."

"म्हणजे तू..."

"डावीकडून. हो."

बोलून टाकलं आणि मी खाली बघत उभी राहिले. आईने ओठ मिटले की काय, ते बघायचा धीर नव्हता.

"कसं धरतात?" तिने विचारलं.

मी रायफल उचलून तिच्या हातात दिली, अर्थातच उजव्या खांद्याला लावून, नळी रिकाम्या भिंतीकडे ठेवून. ती जरा चुळबुळली. "नाही बसत गं हे," असं म्हणत तिने ती छातीवरून पलीकडे नेली, डाव्या खांद्याला लावली. गाल टेकला तो थेट त्या रेघेवर. उजवा डोळा आपोआप मिटला. डावा हात दस्त्याच्या मानेभोवती असा बसला की त्याला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. स्वेटरावर पदर खोचलेली, पायांत लोकरी मोजे घातलेली माझी आई तशी उभी होती, आणि रायफलीचं टोक जराही हलत नव्हतं. नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र कधी खाली आलं मला कळलं नाही.

"आई," मी म्हटलं, "तू पण?"

तिने डोळा उघडला नाही. "माझी आई मला हात मांडीखाली घेऊन जेवायला बसवायची," ती म्हणाली. "जेवण होईस्तोवर मुंग्या यायच्या, मग तो आहे की नाही तेच कळायचं नाही. म्हणून तुझा मी रिबिनीने बांधला. रिबीन मऊ असते."

मी रायफल तिच्या हातातून घेतली, पुसली आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं. दुपारी आम्ही तिघं टेबलाशी जेवायला बसलो. आई नेहमीसारखी ताठ बसली, नेहमीसारखी उजव्या हाताने जेवली. डावा हात मात्र ताटाशेजारी टेबलावर होता, बोटांना अजून कुंकू लागलेला. जेवण होईपर्यंत तो तिथेच राहिला.